टाकीचा काटा

"रविवारी संध्याकाळच्या आत बाबाला चंद्राजवळून खाली आणलं नाही, तर भिंगरी नाव लावणार नाही!"

ही घोषणा भिंगरीने शनिवारी जेवताना केली. घोषणा इतकी जोरदार होती, की तिच्या तोंडातलं पाणी थेट काकाच्या चष्म्यावर! काका चष्मा पुसायचा विसरला. आत्याने आईकडे पाहिलं. आईने ताटाकडे.

घाबरू नका मंडळी, भिंगरीचं डोकं ठिकाणावर होतं. बाबा गेले, आता येणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती मोठ्या वर्गातली मुलगी, काही कुकुलं बाळ नव्हे! पण एक बाबा अजून वर होता. कॉम्प्युटरवरच्या रॉकेटच्या खेळात, गोल डोक्याचा, बोटभर उंचीचा, चंद्राभोवती गरगर फिरणारा. त्याचं नाव बाबांनी स्वतःच 'बाबा' ठेवलं होतं.

बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे काय, तर एक गाडी, तिला बाबांच्या बाजूला जादा ब्रेक, आणि घराच्या पुढच्या खोलीत एक खोकणारा कॉम्प्युटर. शिकाऊ मंडळी त्यावर रस्त्याच्या खुणा पाठ करायची. ती गेली, की बाप-लेक रॉकेट बांधायला बसायचे. खाली इंजिन, मध्ये टाक्या, टोकाला माणसाची कुपी. मग बटण दाबायचं आणि कान झाकायचे! सुरुवातीची रॉकेटं तर दिवाळं निघालेल्या दुकानाच्या पाटीसारखी कोसळायची.

"नुसतं वर नाही जायचं गं," बाबा म्हणायचे. "नुसता वर गेलेला धाडकन खाली येतो. वर जाऊन आडवं पळायचं. इतकं जोरात, की पडता पडता जमीनच चुकली पाहिजे!"

"म्हणजे सारखं पडतच राहायचं?"

"पडत राहायचं, पण आपटायचं नाही. संसार असतो तसं. आईला सांगू नकोस."

ब्रेकवर पोट असलेला माणूस, त्याला अवकाशात ब्रेक नाही याचंच भारी कौतुक. "हळू व्हायचं तर पाठ फिरवायची आणि इंजिन पेटवायचं! आणि पुढच्याला गाठायचं असेल तर जोर नाही करायचा, वेग कमी करायचा. की आपण खालच्या वाटेला उतरतो. खालची वाट छोटी, तिथून आपसूक गाठतो. घाई केलीस की वरच्या लांब वाटेला लागलीस, बसलीस मागे!" आणि या सगळ्याच्या वर बाबांचा पहिला नियम, जो ते रॉकेटला, स्कूटरला आणि मिक्सरलाही लावायचे: "गाडी बंद पडली की बॉनेट उघडतो तो शिकाऊ. टाकीचा काटा बघतो तो ड्रायव्हर!"

एका संध्याकाळी बोटभर बाबा चंद्रापाशी पोचला. भिंगरीने खोलीभर नाच केला. बाबांनी पडद्याकडे पाहून मान हलवली. "टाकी रिकामी झाली गं. अडकलो! उद्या आणू खाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शिकाऊ बाईंना गल्लीत गाडी मागे घ्यायला शिकवताना बाबांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि मग मान टाकली. बाईंना वाटलं, सर आपल्या ड्रायव्हिंगला वैतागले!

तेव्हापासून आई त्या खोलीत आली नव्हती. केर काढायचा तोसुद्धा उंबऱ्यापर्यंत. शेवटी तिने स्कूल एका तरुण मास्तरांना देऊन टाकलं. रविवारी संध्याकाळी ते गाडी न्यायला येणार होते आणि गाडीबरोबर कॉम्प्युटरही. घरात दुसरा कॉम्प्युटर नव्हता, आणि आईच्या फोनला तर दोन फोटो घेतले तरी धाप लागते. म्हणजे बाबा गेला असता परक्या घरी, तोही चंद्राभोवती फिरत, टाकी रिकामी. भिंगरीला हे कसं चालावं?

रविवारी सकाळीच काका हजर झाला. काका लिफ्ट दुरुस्त करतो. "वर अडकलेला माणूस खाली आणणं हा माझा धंदा आहे! बाजूला हो."

"तू चालवायचं नाहीस, तू बसायचंस," भिंगरी म्हणाली, आणि तिने अवकाशवीराला नाव दिलं: काका. काका एवढा खूश झाला, की त्याने खरोखरच शर्टाचं वरचं बटण लावलं.

पहिलं रॉकेट उडण्याआधीच आडवं झालं. दुसरं उडालं, पण उलट दिशेला! तिसरं मात्र गेलं. स्पीकर असा घरघरला, की स्वयंपाकघरात आईने नळ मोठा सोडला. काका चंद्रापाशी पोचला आणि कक्षेत बसला. नकाशावर पलीकडे एक ठिपका फिरत होता, तो बाबा. भिंगरीने त्या ठिपक्यावर क्लिक केलं नाही. केलं की कोपऱ्यात त्याचा चेहरा येतो, आणि तो चेहरा बघायची तिची अजून छाती होत नव्हती.

"भिंगरे," काकाने घसा खाकरला. "यात सीट किती?"

"एक."

"आणि त्या सीटवर कोण आहे?"

"तू."

"मग दादाला काय मांडीवर घेऊ?"

भिंगरी फिस्सकन हसली. काकाही हसला. मग एकदम त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. इतक्या महिन्यांत काकाच्या तोंडून 'दादा' हा शब्द पहिल्यांदाच निघाला होता.

परत यायला इंधन उरलं नव्हतं. काका वरच राहिला. "लिफ्टमध्ये अडकलेल्याला आपण म्हणतो, घाबरू नका, माणूस पाठवलाय," काका पुटपुटला. "आता कळलं, ऐकणाऱ्याला कसं वाटतं ते."

तेवढ्यात आत्या आली. आत्या शिवणकाम करते, आणि बोलताना तोंडात टाचण्या असल्यासारखी नेमकी टोचते.

"एक सीट? लिफ्टवाल्याला मोजता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे! मला पाठव. मी अंगाने बारीक आहे."

काकाने आपली खुर्ची भिंतीपर्यंत सरकवून तिला वाट करून दिली.

दोन सीटचं रॉकेट तयार झालं. नाव: आत्या. आत्या झोकात चंद्रापाशी पोचली. बाबाचा ठिपका तिच्या जरासाच पुढे होता!

"पुढे आहे तो! जोरात ने!" आत्या खुर्चीच्या पाठीवर थापा मारायला लागली.

"ताई, ती काय रिक्षा आहे?"

"तू गप! ने गं जोरात!"

बाबा काय सांगायचे ते भिंगरीला आठवलं, पण हात ऐकेना. डोळ्यांसमोर ठिपका आणि आपण हळू व्हायचं? तिने इंजिन पूर्ण पेटवलं. आत्या वर चढली, लांबच्या वाटेला लागली, आणि ठिपका हळूहळू पुढे पुढे निघून गेला. भिंगरी इंजिन पेटवतच राहिली. जेवढी घाई केली, तेवढा बाबा लांब! टाकी संपली.

आत्या पडद्याकडे बारीक डोळे करून बघत होती. "भिंगरे, याला पॅराशूट कुठे आहे?"

भिंगरीने रॉकेट नखशिखांत पाहिलं. पॅराशूट लावायचं राहिलं होतं.

"जन्मभर मी जगाचं शिवलं!" आत्या कडाडली. "आणि मला वर पाठवलं ती बिनकापडाची!"

मग भिंगरीने स्वतःलाच पाठवलं. सीट दोन, पॅराशूट तीन, टाक्या एवढ्या की रॉकेट लग्नाला निघालेल्या मामीसारखं दिसायला लागलं. सगळं ठीक चाललं होतं. पण नेमकी चंद्राजवळ पोचताना दाराची बेल वाजली. नवे मास्तर, वेळेच्या बरेच आधी! भिंगरी दचकली. पाठ फिरवून वेग कमी करायचा, तो क्षण हुकला. चंद्राने तिला जवळ घेतलं आणि गोफणीतल्या दगडासारखं भिरकावून दिलं.

"आता कुठे चाललीस गं?" काकाने हळूच विचारलं.

"सूर्याकडे."

कोपऱ्यात बोटभर भिंगरी हसत होती. या खेळातली माणसं कशालाही हसतात, ही त्यांची फार वाईट खोड आहे. खऱ्या भिंगरीचा मात्र बांध फुटला.

"नाही जमत मला! कुणालाच नाही आणता येत! त्याची टाकी रिकामी आहे, आणि मी सगळ्यांना वर नेऊन ठेवलंय, आणि आता ते कॉम्प्युटर नेणार, आणि तो तिथेच... तिथेच राहणार एकटा!"

काकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. नवे मास्तर दारात गाडीच्या किल्लीशी चाळा करत उभे होते. त्यांना वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो.

आई उंबऱ्यापाशी आली. पदराने हात पुसले, परत पुसले, कोरडे झाले तरी पुसले. आणि आत आली.

"त्याच्या टाकीचा काटा बघितलास?"

"रिकामी आहे. बाबाच म्हणाला."

"तो म्हणाला. तू बघितलास का?"

भिंगरीने मान खाली घातली.

"पहिला नियम काय घरातला?" आईने बाबांची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली. "दाखव."

भिंगरीने डोळे मिटून क्लिक केलं. कोपऱ्यात चेहरा आला. गोल डोकं, मोठे डोळे, हसणारा. खाली इंधनाची पट्टी. हिरवीगार, अर्ध्याहून जास्त भरलेली!

कॉम्प्युटर तेवढा खोकत राहिला.

"लबाड!" काका ओरडला. "दादा लबाड! अरे, मी इथे बिनइंधनाचा फिरतोय!"

आई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती ते पुसेचना. "मलाही असंच करायचा. मी गाडी शिकायला यायचे ना याच्याकडे, तेव्हा. दर धड्याच्या शेवटी म्हणायचा, चढावर गाडी उचलायचं अजून कच्चं आहे तुमचं. उद्या या. मला पहिल्याच आठवड्यात जमत होतं ते!"

"मग?" भिंगरीने नाक ओढत विचारलं.

"मग काय! मीही कच्चीच राहिले."

आत्याने खिडकीकडे तोंड वळवलं आणि पदरात नाक शिंकरलं.

भिंगरीने डोळे पुसले, खुर्ची पुढे घेतली. या वेळी घाई केली नाही. चंद्राच्या मागच्या बाजूला नेमक्या जागी इंजिन पेटवलं, बाबाला सोडवून घेतलं आणि घराच्या दिशेने पडू दिलं. कुपी हवेत शिरली, लाल झाली, पेटल्यासारखी झाली. आईने भिंगरीचं मनगट घट्ट धरलं.

"आता हे बटण. पॅराशूट. तू दाब," भिंगरी म्हणाली.

"मी?"

"तू. दाब ना गं!"

आईने जोरात बटण दाबलं, पाय मात्र ब्रेकवर असल्यासारखा जमिनीत रोवलेला! पॅराशूट उघडलं. कुपी डुलत डुलत आली आणि अगदी अलगद समुद्रात टेकली. बाबा कोपऱ्यात हसत होता.

"पोचला," आई म्हणाली. इतक्या हळू, की फक्त भिंगरीला ऐकू आलं. त्या दिवशी सकाळी गाडी घेऊन निघालेला माणूस, आता कुठे पोचला होता.

मास्तरांनी बराच वेळ थांबून खोकून पाहिलं. "मग... वायरी काढू का कॉम्प्युटरच्या?"

"गाडी न्या तुम्ही," आई म्हणाली. "हा नाही देता येणार. तीन माणसं वर अडकलीत आमची."

मास्तरांनी छताकडे पाहिलं. मग काकाकडे. काकाने गंभीरपणे मान डोलावली. "त्यातला एक मी." मास्तर किल्ली घेऊन गेले ते गाडीत बसताना दोनदा वळून बघतच गेले.

बाबाला भिंगरीने परत कुठेच पाठवलं नाही. खेळ रोज दाखवतो, 'पुढच्या उड्डाणासाठी उपलब्ध', पण ती त्याला घरीच बसवते.

आता संध्याकाळी आई खेळायला बसते. आधी केर काढते, सगळ्या खोलीचा! परवाच्या रविवारी तिने काकाला अगदी गाठलं होतं. खालची वाट धरली, आपसूक जवळ गेली. बोटभर काका कुपीतून कुपीत चढला, आणि खरा काका शर्टाचं वरचं बटण लावून उभाच राहिला. "आलो! आलो वहिनी!"

आईने पडद्याकडे पाहून मान हलवली. "टाकी रिकामी झाली हो. अडकलात! उद्या आणू."

काकाने कपाळावर हात मारला.

भिंगरी मागेच उभी होती. घरातला पहिला नियम तिला आता चांगलाच पाठ होता, म्हणून तिने आधी काटा बघितला. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली! तिने तोंड उघडलं, आईच्या पाठीकडे पाहिलं, आणि परत मिटलं.