मोटारींच्या चिठ्ठ्या

दुकानाची वेबसाइट सुरू होऊन तासही झाला नव्हता, तोच शंकरसिंग मोबाइल नाचवत मन्सूरभाईंच्या दुकानात घुसला.

"मन्सूरभाई, हे काय लिहून राह्यले तुमी? 'शंकरसिंग. मोटर पाण्याशिवाय चालवली. वरून खोटं बोलते'?"

मन्सूरभाईंच्या हातातली तांब्याची तार गळून पडली. ढाणकीत तीस वर्षं ते विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे नव्याने तार गुंडाळायचं काम, करत होते. आलेल्या प्रत्येक मोटारीला ते चिठ्ठी बांधत. तिच्यावर मालकाचं नाव आणि बिघाडाचं खरं कारण असे. मालकाच्या तोंडावर मात्र एकच कारण सांगायचं, व्होल्टेज. त्यात कुणाचा अपमान होत नाही. उंदरांनी एकदा चिठ्ठ्या कुरतडल्या, तेव्हापासून ते प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढून ठेवत.

त्यांची मुलगी कशफ उमरखेडला कॉम्प्युटर शिकत होती. तिनेच क्लाउडवर भाड्याची जागा घेऊन साइट चढवली होती.

"चिठ्ठ्या काहून टाकल्या?" मन्सूरभाई कडाडले.

"तुमीच तर म्हटलं अब्बा, सगळे फोटो टाक. साइटवर नव्हत्या दाखवल्या, पण फोल्डर साऱ्यांसाठी उघडा राहून गेला, अन् कोण्या तरी पोट्ट्याले सापडला."

"उघडा? गल्ला उघडा टाकून जातं का कोणी?"

शंकरसिंगने मोटार उचलली आणि समोरच्या कलीमच्या दुकानात नेली. गव्हाच्या ओलिताचे दिवस, त्यात संध्याकाळपर्यंत आणखी तिघांनी मोटारी हलवल्या. ऐन हंगामात दुकान रिकामं! मन्सूरभाईंचा संताप अनावर झाला.

कशफने घाईघाईने सगळं कुलूपबंद केलं. मन्सूरभाईंनी साइट उघडली. पडद्यावर आलं : प्रवेश नाकारला.

"माह्याच दुकानात मलेच बंदी? कोण हाये हा नाकारणारा?"

"जरासं जास्तच बंद झालं, अब्बा."

रात्रीच्या जेवणाआधी तिने साइट सगळ्यांना आणि फोल्डर फक्त स्वतःला दिसेल अशी सोय केली. पण चिठ्ठ्या तोवर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचल्या होत्या. "लोकांच्या फोनातून कशा काढू?" ती रडवेली झाली. मन्सूरभाई ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकरसिंग मोटार घेऊन दारात हजर.

"आता काय राह्यलं?" मन्सूरभाई फणकारले. "जा ना कलीमकडं!"

"गेलतो. तो म्हणे, व्होल्टेज." शंकरसिंगने मोटार खाली ठेवली. "पाण्याशिवाय म्या चालवली, हे मले ठाऊक हाय. ज्याले कारणच समजलं नाही, तो दुरुस्त काय करन?"

 एवढ्या गदारोळानंतर मन्सूरभाईंना निदान भांडायला तरी माणूस हवा होता. त्यांनी नवी चिठ्ठी घेतली आणि शंकरसिंगच्या डोळ्यांदेखत लिहिलं : पाण्याशिवाय चालवली.

शंकरसिंगने ती वाचली, मान डोलावली आणि मग आवाज खाली आणला.

"बरोबर हाय. आता घरच्यांसाठी दुसरी लिहा. व्होल्टेजची. अन् वेबसाइटवर तीच टाका."