बुवांची गोळी विरघळेना

या मंडळी, जवळ सरका. टाळ घटकाभर खाली ठेवा आणि माझी फजिती ऐका!

परवा पद्माकरबुवा आमच्या दिल्लीतल्या, मुनिरकाच्या घरी उतरले होते. संध्याकाळी सहाला पहाडगंजला त्यांचं कीर्तन. दुपारी पाहतो तर बुवांना सणसणून ताप! त्यात बुवांना लहानपणापासून गोळी गिळता येत नाही. कुटून पाण्यात दिली, तर भुगा तळाशी बसला आणि घोट बाहेर आला.

"कडू जहर! कीर्तन रद्द करा."

रद्द? वर्षभर वाट पाहिलेलं कीर्तन? मी छाती फुगवली. "बुवा, माझी भाची अबोली पीएचडी करतेय. कुठलं औषध कशात विरघळेल, ते तिचा कॉम्प्युटर आधीच सांगतो!"

अबोली लॅपटॉप घेऊन बाहेर आली. "अरे यार मामा, ते इतकं सोपं नसतं! मी औषधाचे, पाण्याचे, अल्कोहोलचे रेणू कॉम्प्युटरमध्ये सोडते आणि कोण कोणात मिसळतं ते बघते. गंमत सांगू? ही गोळी पाण्यात थोडी विरघळते, अल्कोहोलमध्ये जास्त, आणि दोन्हींच्या मिश्रणात सगळ्यात जास्त!"

"मिश्रणात?" एवढंच ऐकून मी स्वयंपाकघरात पळालो.

गरम दूध, त्यात मध, वर कोकम सरबत! दूध फाटलं आणि गोळीचा भुगा त्यावर अंगाऱ्यासारखा तरंगायला लागला.

बुवांना न्यायला खालचे रिटायर्ड सुभेदार खंडेराव आले होते. त्यांनीही अबोलीचं बोलणं ऐकलं, तडक घरी गेले आणि रमची बाटली घेऊन हजर! "चलो, पाणी तुमच्या नळाचं घेऊ!"

बुवा तापातही ताडकन उठले. "माळकऱ्याला दारू? माझी बॅग आणा. मी स्टेशनवर निघालो!"

अबोली लॅपटॉप धरून दारातच उभी राहिली. "जा बुवा, पण एकदा हे बघा."

पडद्यावर रंगीत ठिपके घुमत होते. बुवा थबकले. "हे कोण?"

"पाणी."

"आणि हा मधला लठ्ठ?"

"तुमची गोळी."

"एकटीच आहे गं बिचारी... अरे, पाण्यानं हात धरला! त्या दुसऱ्यानंही!" बुवा बॅग मांडीवर घेऊन खाटेवर टेकले. "मुली, माझ्यासाठी बिनदारूचं मिश्रण काढ ना यातून."

"काढते की. नऊ दिवस लागतील."

घड्याळात चार वाजून गेले होते.

"नाहीतर," अबोली म्हणाली, "केमिस्टकडे लहान मुलांचं सिरप मिळतं. औषध तेच. कशात विरघळवायचं, ते कुणीतरी आधीच शोधून ठेवलंय. लेबल वाचून बिनदारूचं आणू."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू ऐकायला थांबलास कुठे, मामा?"

केमिस्टनं मात्रा सांगितली. बुवांनी स्ट्रॉबेरीचं सिरप घेतलं आणि चमचा चाटून पुसून परत दिला. पहाडगंजला पोहोचेपर्यंत ताप उतरला. कीर्तन असं रंगलं म्हणता! उत्तररंगात बुवांनी आख्यान लावलं ते एका भोळ्या यजमानाचं. दूध, मध, कोकम, सगळं क्रमवार! हॉल हसून लोटपोट, आणि खंडेराव माझ्याकडे बोट दाखवतायत!

तर मंडळी, लेकराला सिरप पाजाल, तेव्हा ते पहिल्यांदा ढवळत बसलेल्या त्या अनोळखी माणसाची आठवण काढा. माझी नको. माझी सगळं पहाडगंज काढतंय!