सासूबाईंचे दोन सेकंद

सिनेमा दोन तास चाळीस मिनिटांचा होता आणि त्यात एकही माणूस एकदाही हसत नव्हता. घड्याळं दुरुस्त करणारा एक विधुर म्हातारा, न येणारं पत्र आणि खिडकीबाहेरचं धुकं. अडीचमिनिट्यांनी तो चार वेळा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

अडीचमिनिटे हे त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या लांबलचक सिनेमांचे अडीच मिनिटांचे ट्रेलर कापल्यामुळे स्टुडिओने त्यांचं बारसं तसं केलं होतं.

“लोक रडतील हो,” निर्माते म्हणाले, “पण रडायला आधी आत तर आले पाहिजेत! एक तरी हसू टाका. चार वाजता ट्रेलर जायचाय.”

“हसू आणू कुठून? यात घड्याळंसुद्धा बंद आहेत.”

“एकतीस वर्षं काय केलंत मग?”

हा प्रश्न अडीचमिनिट्यांना घरीही ऐकावा लागे. सासूबाई समोरच्याच इमारतीत राहत आणि लग्नापासून त्यांची उलटतपासणी घेत. “तुम्ही सिनेमा काढता?” नाही. “त्यात काम करता?” नाही. “गोष्ट लिहिता?” नाही, मी ट्रेलर करतो. “म्हणजे सिनेमा दुसऱ्याचा आणि तुम्ही त्याचे तुकडे करता!” असं म्हणून त्या शेजारणींना ‘जावई ऑफिसात आहेत’ एवढंच सांगत. अडीचमिनिट्यांना ते फार लागायचं.

साडेतीन वाजले. घाम पुसायला रुमाल काढताना त्यांच्या हाती मोबाईल आला आणि रविवारची गंमत आठवली. स्वयंपाकघरातला दिवा बदलायला ते खुर्चीवर चढले होते. नवरा घरात काहीतरी दुरुस्त करतोय याचा पुरावा असावा म्हणून बायको त्यांच्याच मोबाईलवर चित्रण करत होती. खुर्ची कलंडली, अडीचमिनिटे धाडकन खाली आले आणि ओट्याशी बसलेल्या सासूबाई अशा काही हसल्या की चष्मा काढून डोळे पुसायची वेळ आली. तेवढेच दोन सेकंद अडीचमिनिट्यांनी कापले, मागची भांडी काळोखात बुडवली आणि म्हाताऱ्या घड्याळजीच्या चेहऱ्यानंतर चिकटवले. सिनेमात नसलेलं एखादं दृश्य ट्रेलरमध्ये घालणं त्यांच्या धंद्यात काही नवीन नव्हतं.

दोन दिवसांत तो ट्रेलर चाळीस लाख लोकांनी पाहिला. ‘ती हसणारी आजी कोण?’ असं जो तो विचारू लागला. तिसऱ्या दिवशी आजी स्वतःच घरी आल्या.

“जावईबापू, आज तुम्हाला मानलं! सासूला सिनेमात घ्यायला एकतीस वर्षं लावलीत, पण घेतलंत.” त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं, जावयाच्या पाठीवरून हात फिरवला. “पहिल्या खेळाची त्रेचाळीस तिकिटं काढलीत. फिरायला येणाऱ्या सगळ्याजणी, माझा दातांचा डॉक्टर, आणि धाकटीलाही बोलावलंय.”

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. दोघींचा अकरा वर्षं अबोला होता. सासूबाई गेल्यावर अडीचमिनिटे मटकन खाली बसले.

“अगं, आई त्या सिनेमात नाहीतच!”

“मग ट्रेलरमध्ये कशा?” बायकोने विचारलं.

“आमच्यात करतात तसं.”

“आमच्यात नाही करत! अहो, तिने आपणहून मावशीला फोन केलाय. तिच्यासमोर आईला तोंडघशी पाडलंत, तर मी सरळ माहेरी जाईन.”

“माहेर समोर आहे.”

“म्हणूनच सांगते. रोज खिडकीत उभी राहून तुमच्याकडे बघेन!”

अडीचमिनिट्यांनी निर्मात्यांचे पाय धरले. निर्माते आधीच घायकुतीला आले होते, कारण थिएटरवालेही आजीची चौकशी करत होते. ते दिग्दर्शकाकडे गेले. दिग्दर्शक डोळे मिटून म्हणाले, “माझ्या चित्रपटात कुणी हसत नाही.”

“चाळीस लाख लोक विचारतायत हो!”

“चाळीस?” दिग्दर्शकांनी एक डोळा उघडला. “एखादी शेजारीण हसू शकेल. लांबून. खिडकीतून.”

सासूबाईंना ‘एक दृश्य नव्याने घ्यायचंय’ असं सांगून सेटवर आणलं. त्या केस बसवून आल्या, खिडकीत बसल्या आणि कॅमेरा सुरू होताच ओळखपत्राच्या फोटोसारखा चेहरा करून गप्प झाल्या. “हसा!” म्हटल्यावर त्यांनी “हा, हा, हा,” असं पाढे म्हटल्यागत म्हणून दाखवलं. निर्मात्यांनी विनोद सांगितला, तर त्यांनी त्यातली चूक काढली. दिग्दर्शकांनी सांगितलेल्या विनोदाने त्यांचे डोळे भरून आले.

दुपार झाली. सासूबाई रडकुंडीला आल्या. “धाकटीला काय तोंड दाखवू आता?” म्हणाल्या. तेवढ्यात सासूबाईंनीच मान वर केली.

“जावईबापू, त्या दिवशी मी कशाला हसले होते?”

“आई, नको!”

“चढा.”

समोरच्या खिडकीत खुर्ची मांडली गेली. अडीचमिनिटे पडले. सासूबाई खदखदून हसल्या. दिग्दर्शक म्हणाले, “सुंदर! फक्त प्रकाश जरा कमी होता. पुन्हा.” मग आवाज नीट आला नाही. मग खुर्ची नुसतीच पडली, अडीचमिनिटे दिव्याला धरून राहिले. असे एकूण चौदा वेळा ते पडले.

पहिल्या खेळाला त्रेचाळीस जणांच्या रांगेत ते उशी घेऊन बसले होते. मध्यंतराच्या जरा आधी ते दृश्य आलं. घड्याळजी खिडकीतून शून्यात बघत होता. समोर एक माणूस दिवा लावायला खुर्चीवर चढला आणि धाडकन कोसळला. दिग्दर्शकांनी पडणं अख्खंच्या अख्खं ठेवलं होतं! थिएटरात हशा फुटला. त्या गदारोळात सासूबाईंचे दोन सेकंद कधी आले नि कधी गेले, कुणालाच कळलं नाही. अडीचमिनिट्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी शेजारी पाहायचं धाडसच केलं नाही.

मध्यंतरात मावशी डोळे पुसत आल्या. “ताई, अकरा वर्षांत एवढी हसले नव्हते गं! तू दिसलीस म्हणतेस, पण माझं लक्षच नव्हतं. तो पडणारा कोण?”

सासूबाईंनी आधी बहिणीकडे पाहिलं, मग जावयाकडे, आणि पदरी पडलेला तो माणूस जणू पहिल्यांदाच नीट न्याहाळला.

“ते? आमचे जावई,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “एकतीस वर्षं सिनेमात आहेत.”

“अगंबाई! काय करतात?”

“खुर्चीवरून पडतात.”

अडीचमिनिट्यांनी खुलासा करायला तोंड उघडलं. सासूबाईंचा हात पुन्हा पाठीवरून फिरला, तोही नेमका दुखऱ्या जागेवरून. त्यांनी तोंड मिटलं आणि मावशींना वाकून नमस्कार केला.