पावणेदहा इंचांची वीत

क्वार्टरबॅक ओळखावा तर मीच! हे मी फुशारकीनं सांगत नाही, नाइलाजानं सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. सव्वीस वर्षं मी टोलेडोच्या फुटबॉल संघासाठी, म्हणजे हातानं फेकून खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलसाठी, कॉलेजातली पोरं पारखली. पोरगा गाडीतून उतरून मैदानापर्यंत चालत आला की मला कळतं, याच्या हातात बॉल द्यावा की पाण्याची बाटली. बाकीच्या संघांचे पारखी बघा! एकजात गळ्यात स्टॉपवॉच, कानात फोन आणि दोन्हींच्या मधल्या जागेत शून्य.

दर फेब्रुवारीत आम्ही सगळे इंडियानापोलिसला जमायचो. तिथे शेकडो धडधाकट पोरांना चड्डीवर उभं करतात आणि पोट सुटलेली माणसं त्यांना पळवतात, उड्या मारायला लावतात, वजनकाट्यावर चढवतात. क्वार्टरबॅकची तर वीत मोजतात. हो, वीत! अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. कारण बॉल फेकायचा त्यानं, आणि हात लहान असला तर बॉल निसटतो असं म्हणे. वीत साडेनऊच्या वर भरली तर पोरगा करोडपती, साडेआठ भरली तर त्यानं विमा विकावा. अष्टमांश इंचावरून भरल्या ताटावरून उठून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. मूर्ख लेकाचे. मोजायचो मीही, पण मी समजून मोजायचो.

त्या वर्षी मला चुकून चालणार नव्हतं. आमच्या संघाच्या मालकीणबाई म्हणजे मिसेस व्हँडरहूफ. वय ब्याऐंशी. नवऱ्यामागे काचेचा कारखाना आणि आमचा संघ दोन्ही एकट्या चालवतात, आणि तडा गेलेली बाटली बाजूला काढावी तशी माणसं बाजूला काढतात. माझ्या शिफारशीवर घेतलेल्या तीन क्वार्टरबॅकपैकी एकाचा गुडघा गेला (त्यात माझा काय दोष?), एक अप्रतिम फेकायचा, पण समोरच्या संघाकडे, आणि तिसरा दुसऱ्याच वर्षी धर्मोपदेशक झाला. जानेवारीत बाईंनी मला बोलावून घेतलं.

"मिस्टर प्रुइट," त्या म्हणाल्या, "चौथाही फुकट गेला, तर त्याच्यानंतरचा क्वार्टरबॅक तुम्ही घरी बसून बघाल."

म्हणून मी हिवाळाभर जीव तोडून फिरलो आणि नेब्रास्कात मला वेस ड्वोराचेक सापडला. मक्याच्या शेतांमधलं कॉलेज, आडवा बर्फ, आणि हा पठ्ठ्या पन्नास यार्डांवरून बॉल असा टाकत होता की झेलणाऱ्यानं फक्त हात पुढे करायचे! इंडियानापोलिसला त्याची वीत मोजली. पावणेदहा इंच. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू!

अडचण एकच होती. ड्राफ्टमध्ये संघ ओळीनं पोरं निवडतात आणि आमचा नंबर होता नववा. आमच्या आधीच्या आठांपैकी चार संघांना क्वार्टरबॅक हवा होता. आमच्यापर्यंत वेस उरणार कुठून?

आता आमच्या धंद्यात याला एक उपाय आहे आणि तो सगळेच करतात. जो पोरगा आपल्याला हवा, त्याची बदनामी करायची. ड्राफ्टच्या आधीचे दोन महिने या देशात आमच्याइतकं खोटं दुसरं कोणी बोलत नसेल. मी आणि स्टॅन कोवालिक, म्हणजे आमच्या संघाचा मॅनेजर, दोघांनी दार लावून बसून वेससाठी एक खोट शोधली. खोट बेताची हवी. जास्त झाली की पोरगा आयुष्यातून उठतो, कमी पडली की कोणी ढुंकून बघत नाही. वेसच्या काकाच्या मधाच्या चाळीस पेट्या आहेत आणि सुट्टीत वेस तिथे काम करतो, एवढं मला ठाऊक होतं. बस्स! आम्ही ठरवलं, 'पोराचं मन फुटबॉलमध्ये नाही, मधमाश्यांत आहे.'

तुम्ही हसाल, पण आमच्यात फुटबॉलशिवाय काहीही आवडणं हा आजार समजतात. एक पोरगा कादंबऱ्या वाचतो म्हणून पाच संघांनी त्याचं नाव खोडलं होतं. दुसरा घरी पाव भाजायचा, त्याची तर मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी झाली. अशा अकलेच्या खंदकांना मधमाश्या म्हणजे मेजवानीच!

मी सॉल्ट लेकच्या संघाचा पारखी गॅरी ट्विचेल याला गाठलं. या माणसाच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही. नाश्त्याला त्याच्या शेजारी बसून मी सुस्कारा सोडला आणि मधमाश्यांचं कानात सांगितलं. वर 'कोणाला बोलू नकोस' हेही सांगितलं, म्हणजे काम लवकर होतं.

चार दिवसांनी ती बातमी माझ्याकडे परत आली. थोडी अंगानं भरली होती. वेस तीन वर्षं खेळणार, पैसे साठवणार आणि माश्या पाळायला घरी जाणार, असं एकानं मला मोठ्या विश्वासानं सांगितलं. मी आणि स्टॅन पोट धरून हसलो. आणखी आठवड्यानं कळलं की त्याला माश्या चावतात आणि हात सुजतो. आम्ही पुन्हा हसलो. मार्चच्या अखेरीस टीव्हीवर एक टायवाला गृहस्थ गंभीर चेहऱ्यानं सांगत होता की इंडियानापोलिसला मोजला तो हात मुळात सुजलेला होता! खरी वीत साडेआठच. मोजणीच्या आदल्या दिवशी काकानंच हातावर माशी धरली, असं 'आतल्या गोटातून' समजलं होतं. त्यांनी एक डॉक्टर आणला होता. डॉक्टरनं हाताचं चित्र आणलं होतं.

मी हसत स्टॅनकडे बघितलं. स्टॅन हसत नव्हता.

"लॉइड, सहा जणांनी सांगितलंय मला," तो म्हणाला. "सहा वेगवेगळ्या संघांच्या."

"अरे, हे आपणच उठवलंय! याच खोलीत!"

"आपण माश्या आवडतात एवढंच म्हटलं होतं. सुजेचं आपण म्हटलं होतं का?"

"नाही."

"मग ते कुठून आलं?"

मॅनेजर म्हणून हा माणूस वर्षाला किती लाख डॉलर घेतो हे सांगितलं तर तुमचा जगावरचा विश्वास उडेल, म्हणून सांगत नाही. पण त्याचा तो प्रश्न मीही घरी घेऊन गेलो. दोनच दिवसांत मिसेस व्हँडरहूफ केस कापायला गेल्या आणि केस कापणारीनं त्यांना सुजेची सगळी हकिगत ऐकवली. बाईंचा फोन आला. नेब्रास्काला जा, हात पुन्हा मोजा, फोटो काढा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी लाकडी पट्टी घेऊन ड्वोराचेकांच्या शेतावर पोचलो. पोरगं गरीब, लाघवी. मला सर सर करत होतं. काका मितभाषी. त्यांनी जेवू घातलं, कोलाची नावाचे फळं भरलेले गोड पाव खिलवले आणि पेट्या बघायला चला म्हणाले. मी म्हटलं, बघू तरी हा आजार आहे कसा.

"हात हलवू नका फक्त," काका म्हणाले.

आता एक माशी तुमच्या कानापाशी गुणगुणायला लागली तर तुम्ही काय कराल? मी तेच केलं. दोन्ही हातांनी केलं, टोपीनं केलं, पळताना एक पेटीही लाथाडली असं नंतर कळलं. वीस-पंचवीस माश्या माझ्या मानेवर आल्या. वेस धावत आला आणि त्यानं उघड्या हातानं त्या झाडल्या. उजव्या हातानं! बॉल फेकायच्या हातानं! मला दोन चावल्या, त्याला पाच.

स्वयंपाकघरात बसून आम्ही हाताला बर्फ लावला. अर्ध्या तासात त्या हाताची बोटं उकडलेल्या सॉसेजसारखी टम्म झाली. मी पट्टी काढली.

"सर, आज नका मोजू," वेस म्हणाला. "आज खरं माप येणार नाही."

पण बाईंचा हुकूम होता. मोजलं. दहा इंच. म्हणजे फेब्रुवारीपेक्षा पाव इंच जास्त! हा हात सुजला की वाढतो, हे तर मी डोळ्यांनी बघितलं. मग फेब्रुवारीत तो सुजलेला नव्हता कशावरून?

मी पोराला सरळ विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "फेब्रुवारीत आमच्याकडे माश्या पेटीबाहेरच पडत नाहीत, सर. बर्फ असतो."

पटण्यासारखं होतं. फारच पटण्यासारखं होतं. इतकं चोख उत्तर एकवीस वर्षांच्या पोराकडे तयार कसं? परत येताना विमानात मी पूर्ण वेळ याच विचारात होतो. पोरानं माझी मान वाचवली हे एकदाही मनात आलं नाही, याची आता लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

ड्राफ्टच्या संध्याकाळी आम्ही टोलेडोच्या कचेरीत लांबलचक टेबलाभोवती बसलो. भिंतीवर पोरांच्या नावांच्या पट्ट्या, टेबलाच्या टोकाला मिसेस व्हँडरहूफ, हातात विणकाम. पहिला संघ झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. वेसला कोणी हात लावला नाही. क्वार्टरबॅक हवे असलेले चारही संघ त्याला ओलांडून गेले. आठवाही गेला. आमची थाप तंतोतंत लागू पडली होती! सव्वीस वर्षांत माझा एक बेत असा ठरल्याप्रमाणे पार पडला नव्हता. आता फक्त नाव सांगायचं होतं. दहा मिनिटांचं घड्याळ सुरू झालं.

स्टॅन म्हणाला, "मला सूज नको."

बाईंनी विणकाम खाली ठेवलं. "मिस्टर प्रुइट, हा हात तुम्ही दोनदा मोजलाय. घ्यायचा की नाही?"

मी सगळं कबूल केलं. माश्यांची गोष्ट मी उठवली, ट्विचेलच्या कानात मी सांगितली, स्टॅनच्या संमतीनं सांगितली. स्टॅन छताकडे बघत होता.

बाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "म्हणजे सूज नव्हती. पोरगा चांगला आहे. बरोबर?"

'बरोबर' हा एक शब्द म्हणायचा होता. माझी नोकरी त्या शब्दात होती. बर्फात बॉल टाकणारा तो पोरगा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि त्याच्या मागे तो टायवाला, तो डॉक्टर, ते चित्र, सहा संघांचे सहा लोक आणि दहा इंचांचा तो टम्म हात. एवढी माणसं उगाच बोलतील का, असं माझ्या मनात आलं.

मी म्हणालो, "एकदा पुन्हा मोजायला मिळाला असता तर बरं झालं असतं."

आम्ही टकर लिंडक्विस्ट नावाचा क्वार्टरबॅक घेतला. मुलाखतीत त्याला आवडतं पुस्तक, आवडता पदार्थ, आवडती व्यक्ती असं सगळं विचारलं होतं आणि त्यानं प्रत्येक वेळी 'फुटबॉल' हेच उत्तर दिलं होतं. आम्हाला तेव्हा ते फार आवडलं होतं.

दहावा नंबर सॉल्ट लेकचा. त्यांनी वेसचं नाव मिनिटभरात दिलं. मी बाहेर जाऊन ट्विचेलला फोन लावला. विचारलं, अरे, तुला ती सूज, त्या माश्या, काहीच वाटलं नाही का?

"फेब्रुवारीत नेब्रास्कात माश्या कुठून येणार, लॉइड?" तो म्हणाला. "मला वाटलं, हे सगळ्यांनाच कळतंय."

आत आलो तर सगळे गेले होते. मिसेस व्हँडरहूफ लोकरीचा गुंडा पिशवीत भरत होत्या.

"सव्वीस वर्षांत तुमचं एकच म्हणणं सगळ्यांनी मानलं, मिस्टर प्रुइट," त्या म्हणाल्या. "आणि तेवढंच तुम्ही खोटं बोललात."

त्या महिनाअखेरीस मी घरी बसलो. टकर दोन वर्षांत संघाबाहेर गेला. त्याला फुटबॉलची आवड फार होती, पण फुटबॉलला त्याची नव्हती. वेस तीन सीझन सॉल्ट लेकसाठी खेळतोय आणि लोक त्याच्या नावाचे सदरे घालून फिरतात. सूज वगैरे सगळं खोटं होतं हे आता शेंबडं पोरही सांगेल. मला तर ते सगळ्यात आधी ठाऊक होतं! तरीपण दर रविवारी त्याचा सामना लागला की मी खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढतो. बायको विचारते, इतकं काय बघता? काही नाही म्हणतो. हाताची सूज जरा उतरलीय का, एवढंच बघत असतो.