एका कारकुनाची जागा

आमच्या मेघनाचा रेझ्युमे मी ज्या नोकरीसाठी दिला, ती जागा इंग्रजांच्या काळातच नामंजूर झाली होती. गोष्ट दोन हजार सोळाच्या विंटरची. तेव्हा मी कोवळी होते, जेमतेम अडुसष्टची. टोरांटोजवळ मार्कहॅमला मुलाकडे नवीनच आलेले. मराठी माणूस दिसला की आधी नोकरीचं विचारायचं, एवढी कॅनडाची रीत शिकले होते. मेघना माझ्या बहिणीची नात. कॉलेज करून इथेच कॉफीच्या दुकानात पार्टटाइम राबत होती.

शेजारचे रामटेके विदर्भातल्या एका जिल्हा कोर्टातून बेंच क्लर्क म्हणून रिटायर झालेले. आम्ही दोघं नातवंडांना स्कूलबसपर्यंत सोडायचो. रामटेके हवापाण्याचं बोलणं सोडून थेट सांगणार, "जजसाहेबानं पुन्हा कारकून मागितला, ताई. कमिशनर देऊनच नाही राहिला." केसेस तुंबल्या म्हटलं, तर कमिशनरचं उत्तर, साहेबांनी सकाळी लवकर उठावं. मी हळहळायचे. मला वाटे, हे टोरांटोतच कुठेतरी चाललंय.

सगळं जग त्यांनी या दोन पक्षांत वाटून टाकलं होतं. ग्रोसरीत एकच काउंटर उघडा असला, की कमिशनरी कारभार. जावई एकटा बर्फ शोव्हल करताना दिसला, की मुलीला म्हणायचे, जजसाहेबाला माणूस दे. ती बिचारी बूट चढवून बाहेर.

तर मी रेझ्युमे पुढे केला. म्हटलं, साहेबांना द्या, पोरगी वीकेंडलाही येईल. त्यांनी तो अख्खा वाचला. मग हळूच सांगितलं, की हे भांडण त्यांनी जुन्या सरकारी कागदांत वाचलेलं; जजसाहेब आणि कमिशनर दोघंही रामटेक्यांच्या वडिलांच्या जन्माआधीच वारले. वर म्हणाले, त्या जागेसाठी आलेला हा पहिलाच अर्ज. आणि तो घडी करून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला.

घरी मुलगा पोट धरून हसला. नात म्हणाली, "आजी, ओ माय गॉड."

दुसऱ्या दिवशी मी सगळा राग त्यांच्यावर काढला. मेलेल्यांचं भांडण, कमिशनर जिंकून मोकळा झाला, तुम्ही कशाला ऊर बडवून घेता?

बस वळणाआड गेली तरी ते तिकडेच बघत होते. बायको त्यांच्या रिटायरमेंटआधीच गेली, हे मला त्यांच्या मुलीनं सांगितलं होतं. बायकोचं नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"त्याच कोर्टात होतो मी, ताई. ती जागा कधी भरलीच नाही, ते काम माझ्याकडंच आलं. मी घरी पोचेपर्यंत शांता जेवायची नाही. कमिशनरनं तेव्हा तो एक कारकून दिला असता ना, तर मी तिच्यासंग गरम जेवलो असतो."