आमचं ध्यान बाहेर पडलं

त्या सकाळी त्याने एक अगदी साधा निर्णय घेतला. आता अंगठ्याने टाइप करायचं नाही, फोनशी बोलून लिहायचं.

निर्णयामागे तत्त्व होतं. (त्याच्या प्रत्येक निर्णयामागे तत्त्व असे, आणि तत्त्वामागे बहुधा आळस.) फोनच्या कंपनीने नुकतीच बोलून लिहायची सोय आणली होती. आपण बोलायचं, फोनने लिहायचं. 'पाठव' म्हटलं की मजकूर थेट ग्रुपवर. 'बास' म्हटलं की फोन ऐकायचं थांबणार. या सोयीवर ग्रुपमधल्या खवचट नावाच्या इसमाने आदल्या संध्याकाळी लिहिलं होतं, "ह्या फोनला मराठी कळेल तेव्हा माझ्या कुत्र्याला पाढे येतील."

हे वाचल्यापासून त्याला जेवण गेलं नव्हतं.

ग्रुप कंपनीच्या चाहत्यांचा होता. परक्या कंपनीच्या माणसाला तिथे थारा नव्हता, त्यामुळे भांडायला आपसातच भांडावं लागे. चाहत्यांचे दोन तट होते. एक रुसलेल्यांचा. कंपनी पूर्वी चांगली होती, आता तिचं मन आपल्यात नाही, असं हे लोक नवा फोन हातात धरून म्हणत. दुसरा तट पक्क्यांचा. कंपनीने चार्जर देणं बंद केलं तेव्हा पक्क्यांनी तारेच्या गुंत्यातून माणसाला सोडवल्याबद्दल तिचे आभार मानले होते. या तटाचा पुढारी म्हणजे आपला हा गृहस्थ. ग्रुपवरचं नाव, निष्ठावंत.

एरवी तो एका ट्रान्सपोर्ट कंपनीत पार्सलच्या तक्रारींच्या खिडकीवर बसे. दिवसभर लोक फुटलेल्या बरण्या आणि चेपलेले पंखे त्याच्यासमोर आपटत, आणि तो शांतपणे म्हणे, "खरं आहे, चूक आमचीच." स्वतःला पगार देणाऱ्या कंपनीबद्दल त्याचं मत इतकं नम्र होतं. ज्या फोनच्या कंपनीने त्याला आयुष्यात कधी ओळखही दाखवली नव्हती, तिच्याविरुद्ध मात्र तो ब्रही ऐकून घेत नसे.

तर त्या सकाळी दाढी करता करता त्याने आरशाखालच्या फळीवर फोन ठेवला आणि फेसाळ तोंडाने सुरुवात केली.

"खवचट यांना माझं नम्र उत्तर. कंपनीची ही सोय मराठी अचूक समजते. ज्यांना शंका असेल त्यांनी..."

"अहो, डबा घेतलात का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"घेतो."

"बस जाईल तुमची."

बस खरंच जायला आली होती. त्याने तोंड पुसलं, फोन उचलला, चहासाठी स्वयंपाकघरात आला, फोन साखरेच्या डब्याशेजारी ठेवला, चहा प्यायला, डबा उचलला आणि पळाला. फोन तिथेच राहिला. कान टवकारून. कारण 'बास' कोणीच म्हटलं नव्हतं. त्या घरात 'बास' हा शब्द फक्त तो बोलत असतानाच उच्चारला जाई, आणि आता तो घरात नव्हता.

ऑफिसात पोचल्यावर खिसे चाचपून त्याच्या लक्षात आलं. पण हळहळायला सवड नव्हती. ग्रुप ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही उघडे. त्याने तो उघडला, आणि बघतच राहिला.

ग्रुप पेटला होता. एरवी सकाळी कोणी फिरकत नसे, आणि आज मजकूर वाचून संपायच्या आत खाली नवा येत होता. जो तो एकच शब्द लिहीत होता. ध्यान. कंपनीच्या नव्या फोनचं गुप्त नाव म्हणे 'ध्यान'. मन शांत करणारा फोन. बातमी आतल्या गोटातून फुटली होती, आणि जो तो ती आपल्याला आधीपासून ठाऊक असल्यासारखी, नीटनेटकी करून पुन्हा चिकटवत होता. त्याने वाचायला घेतली.

"हो, आत्ताच बाहेर पडलं आमचं ध्यान. दिसायला अजून बरं आहे, पण मध्ये जरा फुगलंय. वरचा भाग सगळा चकचकीत झालाय, उजेड पडला की डोळे दिपतात. सकाळी चालू व्हायला अर्धा तास. एका वेळी एकच काम करतं. दुसरं सांगितलं की जागच्या जागी थिजतं. तापतं लवकर, मग गार होईपर्यंत हात लावायची सोय नाही."

त्याखाली दुसरा तुकडा.

"आवाज मोठा, पण माझा आवाज ओळखत नाही. चार वेळा हाक मारावी तेव्हा दिवा लागतो. लक्षात काही राहत नाही. जेवणं झाली की पूर्ण बंद, आणि बंद असताना आवाज जास्त. पाण्याचं म्हणशील तर रविवारी लांबच असतं. बदलायचं म्हटलं तर आता कोण घेणार?"

आणि त्याच तुकड्याच्या शेवटी एवढंच.

"माझं ठरलंय. शनिवारी हे ध्यान तुझ्याकडेच"

शनिवारी बाजारात येणार, यावर दोन्ही तटांचं एकमत होतं. पुढे मात्र रणधुमाळी. रुसलेले म्हणत होते, बघा, बॅटरी फुगते, कंपनीने स्वतःच कबूल केलं. पक्के म्हणत होते, फुगलेलं नाही, मध्ये कॅमेरा आहे. एकाने लिहिलं की बंद असताना आवाज करणं ही चोरांना पळवायला केलेली सोय आहे. दुसऱ्याने विचारलं, रविवारी पाण्यापासून लांब म्हणजे सोमवारी बुडवलं तर चालेल का?

त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. कंपनीची ही बदनामी आणि तो गप्प बसणार?

"भाऊ, मिक्सर आला, झाकण नाही आलं," खिडकीतून एक बाई म्हणाल्या.

"खरं आहे, चूक आमचीच," तो म्हणाला आणि टाइप करायला लागला.

"मित्रांनो, अफवांना बळी पडू नका. असलं मठ्ठ, फुगलेलं, विसराळू ध्यान माझी कंपनी बनवूच शकत नाही. हा माल दुसऱ्या कोणाचा तरी आहे. असं ध्यान कोणी फुकट दिलं तरी घरात घेऊ नका. आणि ज्यांच्या घरी ते आधीच असेल, त्यांची मला मनापासून कीव येते."

धडाधड अंगठे वर झाले. रुसलेल्यांनीही दाद दिली. वर्षानुवर्षं भांडणारे दोन तट त्याच्या एका वाक्यावर एकत्र आले होते.

"पण भाऊ, झाकणाचं काय?"

"नोंदवलं ताई. भावना पोचल्या."

तेवढ्यात नवशिक्या नावाच्या, त्याला गुरुस्थानी मानणाऱ्या सभासदाने लिहिलं, "साहेब, एक विचारू का? ही बातमी सकाळी तुम्हीच टाकलीत ना? तुमच्याच नावाने आहे. मी पहिल्यांदा तीच वाचली."

तो हसला. मग त्याने वर सरकवत नेलं. चिकटवलेल्या प्रती मागे पडत गेल्या, आणि सगळ्यात वर मूळ मजकूर आला. नाव, निष्ठावंत. सुरुवात अशी:

"खवचट यांना माझं नम्र उत्तर. कंपनीची ही सोय मराठी अचूक समजते. ज्यांना शंका असेल त्यांनी अहो डबा घेतलात का घेतो बस जाईल तुमची ताई बोल हो आत्ताच बाहेर पडलं आमचं ध्यान..."

त्या पहिल्या तुकड्याच्या शेवटी होतं, "तू पडद्यांचे फोटो". पुढचा शब्द काय असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. बायको स्वतःच्या फोनवर बहिणीला 'पाठव' म्हणाली होती, आणि शेजारी पडलेल्या त्याच्या फोनने आज्ञा पाळली होती.

त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला. वरचा भाग सगळा चकचकीत. हात खाली आला आणि पोटावर थांबला. खिडकीपलीकडे बाई काहीतरी बोलत होत्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. (एका वेळी एकच काम करतं. दुसरं सांगितलं की जागच्या जागी थिजतं.)

हजारो अनोळखी माणसं सकाळपासून त्याच्या पोटावर चर्चा करत होती. पक्क्यांनी त्याला कॅमेरा ठरवलं होतं, रुसलेल्यांनी बॅटरी. आणि सगळ्यात कडक शेरा त्याने स्वतः मारला होता. पण यातलं काहीच त्याला तितकं टोचलं नाही, जितकं ते शेवटचं वाक्य टोचलं. माझं ठरलंय. शनिवारी हे ध्यान तुझ्याकडेच. म्हणजे पुढचा शब्द 'पाठवते'. फोनने त्यातलाही 'पाठव' तेवढा ऐकला होता. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायको त्याला थोरल्या बहिणीकडे पाठवत होती. किती दिवसांसाठी? परत कधी? की परत नाहीच?

आता खवचट बोलला. तो इतका वेळ गप्प होता, यातच सगळं आलं.

"निष्ठावंतजी, ध्यान कोण ते मला कळलं. बाकीच्यांना मी सांगणार नाही, मीही संसारी माणूस आहे. फक्त एकाचं उत्तर द्या. तुमच्या फोनने जे लिहिलं ते बरोबर की चूक? चूक असेल तर कंपनीची सोय टाकाऊ, हे मान्य करा. बरोबर असेल तर मी हरलो."

ग्रुप एकदम थांबला. सगळे वाट बघत होते.

सुटका अगदी सोपी होती. 'फोनने चुकीचं ऐकलं' असं लिहायचं, की पोट सपाट, डोक्यावर केस, आणि शनिवार एक साधा शनिवार. पण मग कंपनीचं काय? त्याने डोळे मिटले. कंपनीने आजवर केलेले सगळे अन्याय त्याला आठवले, आणि प्रत्येकाचं त्याने केलेलं समर्थनही आठवलं. माणसाने आयुष्यात एका तरी गोष्टीशी प्रामाणिक राहावं. त्याने लिहिलं:

"बरोबर. एकही शब्द चुकलेला नाही."

खवचटने उत्तर दिलं, "मानलं. कुत्र्याला उद्यापासून पाढे शिकवतो."

जन्मात पहिल्यांदा तो खवचटला हरवून घरी गेला, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत वर चढला.

बायको जेवणाच्या टेबलाशी बसली होती. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये रिपोर्ट वाचून चुका काढायचं काम करते. समोर चष्मा होता, लाल पेन होतं, आणि त्याचा फोन होता, चार्जिंगला लावलेला.

"हा सकाळीच बंद पडला होता," ती म्हणाली. "चालू केला तर नुसता कण्हतोय मघापासून. किती माणसं तुमच्याशी बोलायला आलीत."

"तू वाचलंस?"

"वाचलं की. एक निष्ठावंत म्हणून आहेत त्यात. कोण हो ते?"

"का?"

"सज्जन माणूस दिसतो. ज्यांच्या घरी हे ध्यान आहे त्यांची मला मनापासून कीव येते, असं लिहिलंय त्यांनी." तिने चष्मा बाजूला सरकवला. "लग्न झाल्यापासून इतकं समजून घेऊन माझ्याशी कोणी बोललं नव्हतं."

तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तो खुर्चीत बसला. रिकामा डबा टेबलावर ठेवला. शेवटी म्हणाला, "शनिवारी मला पाठवतेयस?"

"कुठे?"

"ताईंकडे."

"पाठवणार होते."

"किती दिवस?"

"किती दिवस म्हणजे? नवीन पडद्यांचे दांडे ठोकायला माणूस हवा होता तिला. भावजी बाहेरगावी आहेत. म्हटलं सकाळी पाठवते, संध्याकाळी परत. तुम्हाला काय वाटलं?"

त्याच्या छातीवरून धोंड उतरली. एकाएकी त्याला मेहुणी आवडायला लागली, तिचे पडदे आवडायला लागले. "जाईन की. हातोडा घेऊन जाईन. माझा घरचाच—"

"नको म्हणाली ती."

"कोण नको म्हणालं?"

"ताई. दुपारी फोन आला होता. तीही आहे त्या ग्रुपवर. म्हणाली, आधी घेणार होते गं, पण त्या निष्ठावंतांनी स्पष्ट लिहिलंय, कोणी फुकट दिलं तरी घरात घेऊ नका. ती त्यांचा शब्द खाली पडू देत नाही. फोनसुद्धा त्यांचंच वाचून घेतला होता."

बायकोने त्याच्यापुढे चहा सरकवला. साखर बरोबर होती, त्याला लागते तेवढी. त्या चहाने त्याला जरा धीर आला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तू खरंच एवढं सगळं बोललीस? शब्द न् शब्द? ही सोय नवीन आहे. कुठेतरी ऐकण्यात गफलत झाली असेल. मी तिकडे एकही शब्द चुकलेला नाही असं लिहून आलोय, ते सोड. पण आपल्यात म्हणून विचारतो."

"थांबा, बघते," ती म्हणाली. तिने चष्मा घातला, फोन हातात घेतला आणि लॅबमधला रिपोर्ट वाचावा तसा पहिल्या अक्षरापासून वाचायला लागली. बोट ओळीवरून सरकत होतं. चकचकीतवरून पुढे गेलं. थिजण्यावरून पुढे गेलं. मग मागे आलं आणि एका जागी थांबलं.

"आहे," ती म्हणाली. "एक चूक आहे."

तो खुर्चीतून अर्धवट उठला. कंपनीचं काही का होईना. "कुठे?"

"हे बघा. 'मध्ये जरा फुगलंय.'" तिने बोटाने दाखवलं. "मी 'जरा' म्हटलं नव्हतं."