एक गरीब कमी पडला

दान द्यायचे तर घेणारा लागतो, हे सत्य कोणीही नाकारणार नाही. लिथुआनियातल्या दुब्रोवकी गावच्या दानसमितीने तर ते कधीच नाकारले नव्हते. पुरीमच्या सणाला प्रत्येक ज्यूने निदान दोन गरिबांना दान द्यावे, अशी आज्ञा आहे. गावात घरे एकशे चाळीस (परोपकारी : सर्व). गरीब दोन. कसेबसे भागत होते.

त्या वर्षी विधवा त्सिपेच्या शेवया खपू लागल्या आणि आपण आता गरीब नाही, असे तिने समितीला कळवले. अध्यक्ष रेब (म्हणजे राव) अनशेल पीठवाले यांना हा कृतघ्नपणा फार लागला. ते स्वतः तिच्या दारी गेले.

"त्सिपेबाई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तेवढ्यापुरत्या गरीब व्हा."

"माझ्या चुलीला लाकडं नव्हती, तेव्हा तुम्ही तीन बैठका घेतल्यात, रेब अनशेल. आता मीही बैठक घेऊन बघते."

शेजारच्या गावाकडे एक गरीब उसना मागितला. त्यांचेच त्यांना पुरत नाहीत, असे उत्तर आले.

उरला निस्सन. छपरे शाकारताना पडून पाय अधू झालेला, पण गुणी गरीब. (त्याने तीनदा बसून करण्याजोगे काम मागितले होते. माणसाला पायावर उभे करणे हे सर्वश्रेष्ठ दान, असे शास्त्र सांगते. श्रेष्ठ वस्तू म्हणून समितीने ते उंच फळीवर ठेवले होते.) पुरीमला सोंगे घेण्याची रीत आहेच, तेव्हा निस्सनने प्रत्येक घरी दोनदा यावे, दुसऱ्यांदा खोटी दाढी लावून, असा ठराव एकमताने झाला.

सणाच्या सकाळी अख्खे गाव खसखशीच्या तिकोनी करंज्या घेऊन दारात उभे राहिले. दुपार झाली तरी निस्सन येईना. धर्म बुडायची वेळ आली. अनशेल धापा टाकत शोधत निघाले, तो निस्सन त्सिपेच्या घरी दानाच्या करंज्यांनी पाट्या भरत बसलेला.

"अरे, दाढी लाव आणि चल."

"मी आता गरीब नाही, रेब अनशेल. कालपासून बाईंकडे शेवया कातरायला बसतो. बसूनच करायचं काम आहे." तो जरा सरकला. "आम्हीपण गरीबच शोधतोय. तुम्ही बरे आलात. फार गरजवंत दिसताय."

त्याने करंजी पुढे केली. अनशेलांचा हात आपोआप पुढे झाला आणि मान खाली गेली. घेताना मान खाली जाते, हे समितीच्या कागदपत्रांत कुठेच नव्हते. संध्याकाळपर्यंत धर्म बुडू नये म्हणून सारे दुब्रोवकी गरीब होऊन एकमेकांच्या दारी हात पसरत होते, आणि हसून हसून लोकांची पोटे दुखली.

वाचकांनी काळजी करू नये. आपल्याकडे असा तुटवडा पडायचा नाही. कामवाल्या बाईंना दिवाळीला आपली जुनी साडी देताना आपण पगारवाढीचा विषय टाळतो, तो एवढ्याचसाठी.